आठ खुर्च्यांची खानावळ

खानावळीत खुर्च्या एकोणीस होत्या आणि कागदावर आठ. उरलेल्या अकरा एरवी माणसांच्या बुडाखाली असायच्या आणि तपासणीच्या दिवशी शेजारच्या सलूनमध्ये.

याची सुरुवात चांगल्या हेतूनं झाली होती, तशी ती बहुतेक भानगडींची होते. सात वर्षांपूर्वी दोघा भावांनी मिळून खानावळ काढली. थोरला, म्हणजे दादा, रांधायचा. वहिनी गल्ल्यावर बसायची. धाकटा वाढायचा आणि कागदपत्रं बघायचा, कारण घरात अक्षर त्याचं बरं होतं. ज्या घरात एकाचं अक्षर चांगलं असतं त्या घरातल्या थापाही वळणदार असतात. पण पहिल्या वर्षी थाप नव्हती. खाद्य परवान्याच्या अर्जात ‘बसण्याची व्यवस्था’ असा रकाना होता. आठ खुर्च्यांपर्यंत फी लहान. नववी खुर्ची आली की धंदा वरच्या वर्गात आणि फी तिप्पट. धाकट्यानं खुर्च्या मोजल्या, आठ भरल्या, आठ लिहिलं. इतकं खरं त्यानं पुढं कधी लिहिलं नाही.

मग घड्याळजी जेवायला यायला लागले.

घड्याळजींचं दुकान त्याच गल्लीत, तीन दारं पलीकडे. दुकान म्हणजे एक काचेची पेटी, एक दिवा, आणि डोळ्याला भिंग लावलेला एक माणूस. भावांचे वडील लवकर गेले तेव्हा शाळा सुटल्यावर धाकटा घरी न जाता त्या पेटीमागं जाऊन बसायचा. घड्याळ बघायला त्याला त्यांनी शिकवलं, भागाकार त्यांनी शिकवला, आणि ते चांगलं अक्षर यावं म्हणून कानही त्यांनीच पिळला होता. गल्लीत सगळ्यांना, अगदी मांजरालासुद्धा, ‘अहो, जरा सरकता का’ म्हणणारा हा माणूस धाकट्याला मात्र ‘अरे गाढवा’ म्हणायचा. सबंध गल्लीत गाढव तो एकटाच. धाकट्याला त्याचा मनातून फार अभिमान होता.

बायको गेल्यावर घड्याळजी रोज दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी खानावळीत यायचे. बाराचाळीस म्हणजे बाराचाळीस. दादा त्यांना दारात बघून भाताखालची आच बंद करायचा. खुर्च्या भरलेल्या असल्या की ते भिंतीला टेकून उभे राहायचे, कुणाच्या ताटाकडे न बघता. चौथ्या दिवशी धाकट्याला ते बघवेना. तो बाजारात गेला आणि एक खुर्ची घेऊन आला. ती नववी. तिचा एक पाय आखूड निघाला, म्हणून घड्याळजींनी दुकानातून एक पितळी चकती आणून त्या पायाखाली बसवली. खुर्ची अशी स्थिर झाली की वरच्या मजल्यावर कुणी दोरीवरच्या उड्या मारल्या तरी वाटीतला रस्सा हलू नये.

वर्ष सरलं. फी भरायची वेळ आली तेव्हा धाकट्यानं बराच विचार केला. घड्याळजी घरचे. घरच्या माणसाची खुर्ची काय गिऱ्हाइकात धरायची? त्यानं आठ लिहिलं. आणि एकदा नवव्या खुर्चीला माफी मिळाल्यावर दहावीनं तरी काय घोडं मारलं होतं? असं करत करत एकोणीस झाल्या. अर्जावरच्या आठला मात्र धक्का लागला नाही. उलट दरवर्षी तो अधिकाधिक सुबक येत गेला.

तपासणीची कवायत वहिनीनं बसवली. गल्लीच्या तोंडाशी चावीवाला बसायचा. सरकारी पिशवी दिसली की त्यानं पत्र्यावर तीन ठोके द्यायचे. ठोके ऐकले की अकरा जणांनी आपापलं ताट एका हातात आणि खुर्ची दुसऱ्या हातात घेऊन सलूनमध्ये जायचं, आणि पिशवी गेली की परत यायचं. या सेवेबद्दल चावीवाल्याला रोज एक उकडलेलं अंडं आणि सलूनवाल्याला दोन वेळचा चहा फुकट.

आता प्रश्न असा होता की उठवायचं कुणाला. अनोळखी माणसाला भरल्या ताटावरून उठवलं तर तो का म्हणून विचारणार. म्हणून वहिनीनं यादी केली ती जवळच्यांची. जितका माणूस जवळचा तितका त्याला उठवायचा हक्क मोठा. रोज येणारे, नड असताना उधार देणारे, आजारपणात विचारपूस करणारे असे अकरा जण निवडले गेले, आणि रस्त्यावरून पहिल्यांदाच आलेला कुणी सोम्यागोम्या मात्र बसून निवांत जेवायचा. पुढं पुढं तर त्या यादीत असणं हा मान होऊन बसला. गल्लीतल्या विमावाल्याचं नाव सुरुवातीला यादीत नव्हतं, तर तो दादाशी आठ दिवस बोलला नाही. शेवटी त्याला अकरावा नंबर दिला तेव्हा त्यानं पेढे वाटायचंच काय ते बाकी ठेवलं.

यादीत पहिलं नाव घड्याळजींचं होतं. ते दरवर्षी गुपचूप उठायचे, गुपचूप परत यायचे, आणि चकतीवर खुर्चीचा पाय नेमका ठेवून उरलेला गार भात खायचे. एकदाच फक्त म्हणाले होते की अरे गाढवा, हे काही बरं नाही. धाकटा म्हणाला होता की काका, पुढच्या वर्षी नक्की. ती पाच वर्षांपूर्वीची गोष्ट.

यंदा जुना तपासनीस बदलला. जुना तपासनीस बरा होता. त्याला खुर्च्यांपेक्षा चहात रस होता. नव्या आलेल्या तपासनीस बाई सरकारी पिशवी न घेता आल्या, आणि गल्लीच्या भलत्याच टोकानं आल्या. चावीवाल्याच्या लक्षात येईपर्यंत त्या निम्मी गल्ली चालून आल्या होत्या. ठोके पडले आणि खानावळीत एकच पळापळ झाली. दहा जण सुटले. विमावाला अकरावा, तो खुर्ची डोक्यावर घेऊन आणि ताट छातीशी धरून दारातून बाहेर पडत होता तेव्हाच बाई आत येत होत्या. खुर्चीखालून तो नमस्कार म्हणाला. बाईंनी बाजूला होऊन त्याला वाट दिली आणि दारही धरून ठेवलं.

वहिनी म्हणाली की खुर्ची दुरुस्तीला चाललीय. बाई म्हणाल्या, बरोबर रश्श्याचं ताटही चाललंय. वहिनी म्हणाली की सुताराला.

बाईंनी यावर काही लिहिलं नाही. त्यांनी स्वयंपाकघर बघितलं, आणि तिथं बघण्यासारखंच होतं. दादा स्वच्छतेच्या बाबतीत वेडा. भांडी आरशासारखी, पाणी झाकलेलं, हात धुवायच्या जागी साबण, साबणाखाली जाळी. बाईंनी सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या. एवढं स्वच्छ स्वयंपाकघर आपण या शहरात पाहिलं नाही असं त्या म्हणाल्या, तर दादा लाजून झाऱ्याकडे बघायला लागला. मग त्या बाहेर आल्या आणि खुर्च्या मोजल्या. आठ. आठही खुर्च्यांवर अनोळखी माणसं मन लावून जेवत होती.

मग बाईंनी खाली बघितलं. फरशीवर जिथं जिथं सात वर्षं खुर्च्यांचे पाय घासले होते तिथं चार चार काळपट ठिपके होते. रिकाम्या जागेत अशा चौकड्या पसरल्या होत्या, जणू अदृश्य माणसांची पंगत बसलीय. एका चौकडीत चौथ्या ठिपक्याच्या जागी पितळी चकती होती. बाईंनी वाकून ती उचलली. हे काय म्हणून त्यांनी विचारलं. धाकटा म्हणाला की पडलं असेल कुठून तरी. बाईंनी ती पुन्हा होती तिथंच, ठिपक्यावर नेमकी ठेवली.

एवढ्यावर भागलं असतं. पण नव्या नियमाप्रमाणे तपासणीच्या कागदावर आजूबाजूच्या एका माणसाची साक्ष लागत होती, आणि त्या माणसाचा धंद्याशी काही संबंध नको होता. बाई म्हणाल्या, चला, शेजारी सलून दिसतंय. धाकटा त्यांच्या मागोमाग गेला.

सलूनवाल्याला एवढंच कळलं की बाई येताहेत. माणूस हुशार, त्यानं हाताशी होती तेवढी पांढरी कापडं काढली आणि अकराही जणांच्या गळ्याला बांधून टाकली. बाई आत गेल्या तेव्हा मुळातल्या तीन आणि पाहुण्या अकरा खुर्च्यांच्या त्या सलूनमध्ये अकरा माणसं गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढऱ्या कापडात बसली होती. कापडाखाली मांडीवर ताटं. प्रत्येकाच्या गळपट्टीतून थोडी थोडी वाफ येत होती. आरशात धरून बावीस माणसं वाफाळत होती.

विमावाला दाराशीच होता. त्याच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. बाईंनी विचारलं की तुम्ही इथं कशासाठी? विमावाला म्हणाला, “पुढची तरतूद.”

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर ताटं सांडली असती.

बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या घड्याळजींपाशी थांबल्या. चकतीशिवाय त्यांची खुर्ची डुगडुगत होती आणि ती डुगडुगू नये म्हणून ते एक पाय ताणून अवघडून बसले होते. बाईंनी त्यांना नाव आणि धंदा विचारला. त्यांनी सांगितला. मग बाईंनी विचारलं की शेजारच्या खानावळीशी तुमचा काही संबंध? नात्यातले आहात, किंवा रोजचं गिऱ्हाईक वगैरे?

घड्याळजींनी धाकट्याकडे बघितलं.

या माणसानं आयुष्यात कुणाला चुकीची वेळ सांगितली नव्हती. रस्त्यात कुणी किती वाजले विचारलं तर ते आधी सेकंद बघून घ्यायचे. ते बघत होते, आणि धाकट्याला कळत होतं की आपण आता काहीतरी बोलायचं आहे. वाक्य अगदी छोटं होतं. बाई, त्यांना राहू द्या, आमच्या खुर्च्या एकोणीस आहेत. पण खाली जमिनीवर कुणाचे तरी कापलेले केस पडले होते, काही काळे, काही पांढरे, आणि धाकटा ते बघत राहिला. काळे जास्त होते.

“नाही,” घड्याळजी म्हणाले. “मी तिथं कधी जेवलो नाही.”

त्यांच्या मिशीत भाताचं एक शीत होतं.

बाई बरं म्हणाल्या आणि पर्समध्ये पेन शोधायला लागल्या. पेन सापडलं तर टोपण निघेना. निघालं ते खाली पडलं. त्यांनी ते वाकून शोधलं, पुसलं, मग पेन चालतं का ते कागदाच्या कोपऱ्यात गिरवून बघितलं. एवढा सगळा वेळ घड्याळजी हात पुढं करून बसले होते आणि धाकटा केस बघत होता. मग घड्याळजींनी सही केली. सहीखाली वेळही घातली, बारा त्रेपन्न, कारण वेळ घातल्याशिवाय ते कधीच सही करत नसत.

बाई गेल्या. अकरा माणसं ताटं-खुर्च्या घेऊन परत आली आणि खानावळीत नुसती धमाल उडाली. विमावाला ‘पुढची तरतूद’ परत परत म्हणून दाखवत होता. या गडबडीत घड्याळजींनी नवव्या खुर्चीची जागा बघितली, वाकून चकती उचलली, खिशात टाकली, अर्धं ताट मोरीत नेऊन ठेवलं, आणि हात धुऊन गेले. धाकट्यानं हे सगळं बघितलं. त्यानं स्वतःला सांगितलं की पोट भरलं असेल.

दुसऱ्या दिवशी बाराचाळीस झाले आणि दारात कोणीच आलं नाही. दादा कुणाकडे बघून भात उतरवायचा ते न कळून तसाच उभा राहिला. भात करपला. सात वर्षांत पहिल्यांदा. तिसऱ्या दिवशीही तेच. करपलेल्या भातावरून गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली तेव्हा वहिनीनं डबा भरला आणि धाकट्याच्या हातात दिला. म्हणाली, घेऊन जा, रुसले असतील. म्हातारी माणसं रुसतात.

घड्याळजी काचेच्या पेटीमागं बसून बिस्किटं पाण्यात बुडवून खात होते. एक बिस्किट, मग एक स्क्रू, मग पुन्हा बिस्किट. धाकट्यानं डबा पेटीवर ठेवला.

“डबा उचला तुमचा,” घड्याळजी म्हणाले.

धाकट्यानं मागं वळून बघितलं. आपल्यामागं कुणी मोठा माणूस उभा असेल असं त्याला वाटलं. मागं रस्ता होता, रिकामा. मग ते ‘उचला’ कुणासाठी होतं ते हळूहळू त्याच्या लक्षात आलं, आणि कान असे तापले की पूर्वी पिळल्यावरसुद्धा इतके तापत नसत.

“काका, असं काय करता?”

“मी तुमच्याकडे जेवत नाही. लिहून दिलंय.”

“ते काय खरं होतं थोडंच.”

“तेच तर,” घड्याळजी म्हणाले. “आता जमेल तेवढं खरं करतोय.”

ते हे रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाचे पाय धरता येतात. हे आपलं घड्याळाचा काटा मागंपुढं करावा तसं शांतपणे म्हणाले आणि भिंग डोळ्याला लावून कामाला लागले. म्हणजे त्यांचा हिशोब असा होता की सात वर्षं जेवलो ते काही परत काढता येत नाही, पण यापुढं जेवलो नाही तर खोटं तेवढं तरी वाढणार नाही. धाकटा डबा घेऊन परत आला. येताना सलूनवाल्यानं विचारलं, काय म्हणाले? धाकटा म्हणाला, पोट बिघडलंय. हेही पुन्हा खोटंच, आणि किती सहज आलं ते.

खानावळीत त्यानं दादा-वहिनीला खरं काय ते सांगितलं. वहिनी आधी हसली, मग म्हणाली की नववी खुर्ची कुणी आणली होती? दादा भांडं घासत होता. स्वच्छ झालेलंच भांडं तो घासत राहिला. म्हणाला, “बाईंनी माझ्या स्वयंपाकघराला बरोबरच्या खुणा केल्या ना, त्या मला आता बघवत नाहीत. जा आणि भर फी.”

धाकट्यानं दुपारभर बसून अर्ज लिहिला. आमच्या खानावळीत सहा वर्षांपासून आठपेक्षा जास्त खुर्च्या आहेत, आम्ही ते लपवलं, साक्षीदाराला आमच्यामुळे खोटं बोलावं लागलं, होईल तो दंड भरायला आम्ही तयार आहोत. अक्षर देखणं आलं होतं. सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तो परवाना कचेरीत गेला. खरं बोलायला जाताना माणसाला जरा हलकं वाटतं, तसं त्याला वाटत होतं. खिडकीपाशी रांग होती. पुढचा माणूस आइसक्रीमच्या गाडीची फी भरायला आला होता आणि गाडीला बसण्याची व्यवस्था आहे का या प्रश्नावर अडला होता. त्याचं म्हणणं, पाऊस आला की तो स्वतः आत बसतो.

तपासनीस बाई आतल्या टेबलापाशी होत्या. त्यांनी धाकट्याला ओळखलं आणि बसायला सांगितलं. खुर्ची एकच होती. तो बसला नाही. त्यानं अर्ज पुढं केला. बाईंनी तो शेवटपर्यंत वाचला, घडी घातली, आणि परत त्याच्या हातात दिला.

“हा मी घेतला तर तुम्हाला दंड होईल,” त्या म्हणाल्या. “तो तुम्ही भराल. पण साक्षीदारानं खोटी साक्ष दिली म्हणून त्यांना नोटीस जाईल. ती त्यांच्या नावानं जाईल, तुमच्या नाही. आता नीट ऐका, मी विचारते. तुमच्याकडे एकोणीस खुर्च्या कधीपासून आहेत?”

धाकट्यानं घडी घातलेला अर्ज हातात फिरवला. एवढं सगळं खरं तो लिहून घेऊन आला होता, आणि खरं बोलायची मुदत सलूनमध्येच संपली होती. हे त्याला आता कळत होतं. तेव्हा एका वाक्यानं भागलं असतं. आता एक पानभर लिहूनही ते भरून येत नव्हतं, उलट त्या पानानं म्हाताऱ्याच्या दारात नोटीस जाणार होती.

“आजपासून,” तो म्हणाला.

बाईंनी खणातून ‘आसनवाढीचा अर्ज’ काढून दिला. त्यानं भरला. आज रोजी नव्यानं घेतलेल्या खुर्च्या: अकरा. त्या अकरातल्या एकीच्या दांडीवर विमावाल्यानं चार वर्षांपूर्वी किल्लीनं स्वतःचं नाव कोरलं होतं. फीची पावती झाली. एवढ्या वर्षांची भीती, ठोके, यादी, कवायत, आणि वरच्या वर्गाची फी निघाली किती, तर चावीवाल्याला आजवर दिलेल्या अंड्यांहून कमी.

तो निघाला तेव्हा बाई खाली बघूनच म्हणाल्या, “मला वाटलं होतं तुम्ही मध्ये बोलाल. पेन मी जरा सावकाशच काढलं होतं.”

धाकट्यानं पावतीची घडी करून खिशात घातली. परत येताना सबंध रस्ता त्याला ते टोपण खाली पडताना दिसत होतं, पडून घरंगळत जाताना, आणि बाई सावकाश वाकताना.

पावती घेऊन तो सरळ घड्याळजींकडे गेला. त्यांनी ती भिंगाखाली धरून वाचली. तारीख बघितली, आकडा बघितला, शिक्का बघितला. धाकट्यानं सांगितलं की काका, खुर्च्या आता कागदावर एकोणीस आहेत, तुमचं नाव कुठं आलं नाही, आता कुणाला उठावं लागणार नाही. आणि मग त्याला जे म्हणायचं होतं ते म्हणाला.

“त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.”

घड्याळजींनी पावतीची घडी होती तशीच घातली. “हो,” म्हणाले. “बोलायला हवं होतं तुम्ही.”

पुढं त्यांनी एवढंच सांगितलं की आपण जे लिहून दिलंय ते त्या दिवसापर्यंतचं आहे. त्यानंतर जेवायला हरकत दिसत नाही.

खानावळीत पावती काचेत घालून लावली. कवायत बंद झाली तशी अकरा जणांना करमेना. विमावाला तर म्हणाला की महिन्यातून एकदा, उगीच सवय राहावी म्हणून, जायला काय हरकत आहे. सलूनवाला आपलं काय चुकलं म्हणून विचारून गेला. चावीवाल्यानं दोन दिवस अंड्याची वाट बघितली आणि तिसऱ्या दिवशी निषेध म्हणून विनाकारण तीन ठोके दिले. चार जण सवयीनं उठून उभेही राहिले.

त्याच दुपारी घड्याळजी आले.

दादानं त्यांना दारात बघितलं आणि आच बंद केली. भात बरोबर झाला होता. धाकट्यानं नववी खुर्ची ओढून पुढं केली, फडक्यानं पुसली. चकतीच्या जागी फरशीवर एक गोल, उजळ डाग होता. घड्याळजींनी त्या खुर्चीकडे बघितलं, अगदी ओळख नसल्यासारखं, आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. तिथं रस्त्यावरून पहिल्यांदा येणारे बसत. मग त्यांनी वहिनीला विचारलं की जेवायला काय काय असतं?

भात, रस्सा, पाव, अंडं, असं तिनं सांगितलं. सात वर्षं हेच होतं. घड्याळजींनी विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, भात आणि रस्सा चालेल.

धाकट्यानं वाढलं. दोन्ही हातांनी, जपून वाढलं. पूर्वी तो वाढायला आला की ते ‘अरे गाढवा, पुरे’ म्हणायचे, आणि तो मुद्दाम आणखी एक डाव घालायचा. तो डाव हातात घेऊन उभा राहिला. यादीतले दहाही जण जेवायचे थांबून बघत होते. विमावाल्यानं घास तोंडात तसाच धरला होता.

“पुरे,” घड्याळजी म्हणाले. “अहो, मीठ जरा मिळेल का?”

धाकट्यानं मीठ आणून ठेवलं. ते जेवले. ताट स्वच्छ केलं. पूर्वी पैसे महिन्याच्या महिन्याला देत, आज उठून गल्ल्यावर रोख दिले, आणि सुटे परत मिळाले ते मोजून घेतले. वहिनीनं डोळ्याला पदर लावला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला कांदा तिखट आहे म्हणून सांगितलं.

दारात घड्याळजी थांबले. वर भिंतीवर खानावळीचं घड्याळ होतं. ते मागं पडायचं, पहिल्यापासून. दर आठवड्याला ते स्वतः स्टुलावर चढून, कुणाला न विचारता, काटा सरकवायचे आणि उतरताना धाकट्याच्या खांद्याचा आधार घ्यायचे. धाकट्यानं पायानंच स्टूल हळूच भिंतीजवळ सारलं आणि खांदा पुढं करून उभा राहिला.

घड्याळजींनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. सेकंद बघितले.

“तुमचं घड्याळ चार मिनिटं मागं आहे,” त्यांनी सांगितलं. परक्या माणसानं सांगावं तसं, सौजन्यानं. आणि गेले.

खानावळ पुन्हा जेवायला लागली. भांडी वाजायला लागली. धाकटा थोडा वेळ तसाच खांदा पुढं करून उभा होता. मग स्टुलावर चढला आणि काटा चार मिनिटं पुढं सरकवला. एक मिनिट इकडं नाही, एक मिनिट तिकडं नाही. उद्या ते बाराचाळीसला येतात की नाही हे बघायचं, तर निदान घड्याळ तरी खरं हवं होतं.